दान कीं दंड?

१९४९ पासून दर ७ डिसेंबरास ध्वजदिन पाळतात. माजी सैनिकांसाठीं लोक स्वेच्छेनें निधि देतात. २०१६ च्या ऑक्टोबरांत मात्र मुंबईंत, महापालिकेची निवडणूक चार महिन्यांवर असतां, राज ठाकरे यांनीं पाकिस्तानी कलावंत घेणाऱ्या चित्रपटनिर्मात्यांस सेनेच्या कल्याणनिधीस पांच कोटि रुपये देण्याची अट घातली. कित्येक निवृत्त सेनाधिकाऱ्यांस ती रुचली नाहीं. संरक्षणमंत्री पर्रीकरांनींहि देणगी ऐच्छिकच असते, असें बजावलें. दुसऱ्याच्या खिशांतून काढलेल्या द्रव्यास दान म्हणणें प्रामाणिकपणाचें नव्हे. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रांत मालमत्तेचा तपशील असतो. सभेंत जाहीर केलेल्या देणगीचा नसतो. तेव्हां आसेगांवच्या मतदारानें सैनिकांचें नांव घेणाऱ्या उमेदवारास त्याच्या स्वतःच्या ध्वजनिधीची पावती विचारली, तर त्यांत उद्धटपणा कसला?