ख्रिस्ती घरातील मुलांची श्रद्धा
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण इंदापूरला सातवीपर्यंत झाले आणि लग्न होऊन बारामतीला आले ती घरसंसारात रमले. चिटणीसबाईंनी हा विषय दिला तेव्हा मी म्हटले, पाळकसाहेबांना बोलवा. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब देवळात बोलतातच. तुम्ही घरात काय करता ते आम्हांला ऐकायचे आहे." तेव्हा घरातलेच सांगते.

पुष्कळ भगिनींचा समज असा की, ख्रिस्ती घरात मूल जन्मले, त्याच्या डोक्यावर पाणी घातले, की ते ख्रिस्ती झाले. काही मंडळ्यांत तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात हे खरे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियाहून जे मिशनरी आपल्या बारामती-इंदापूरकडे आले, ते चर्चेस ऑफ ख्राइस्ट ह्या मंडळीचे होते. त्यांच्यात तशी रीत नाही. मुलाने मोठे व्हावे, त्याला समजावे, त्याने आपल्या तोंडाने विश्वास कबूल करावा, मग त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा. म्हणजे आईला कितीतरी वर्षे वाट पाहावी लागते, आणि एवढे करून मूल "नको" म्हणू शकते. ही धास्ती ख्रिस्ती आईच्या पोटात नेहमी असते. ती पाळकसाहेबांना तितकी कळायची नाही.

ह्या बाबतीत मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. केडगाव आपल्यापासून लांब नाही. मुक्तिसदन आपल्यापैकी कित्येकींनी पाहिलेही असेल. रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. नवरा वारलेला, देश परका, जवळ पैसा नाही. वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींनी मायलेकींना आसरा दिला आणि तिथेच त्याच वर्षी दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात गेल्या आणि मूल बहुतेक काळ त्या भगिनींपाशी राहिले. आता बघा, ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्याशीच रमाबाईंचा वाद झाला, आणि तो मुलीच्या धर्मशिक्षणावरून! धर्मातल्या ज्या गोष्टी मला स्वतःला अजून पटलेल्या नाहीत, त्या माझ्या मुलीकडून पाठ करवून घेऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. ती पत्रे 1977 साली पुस्तकरूपाने छापली गेली आहेत. उपकाराखाली दबलेल्या बाईने असे बोलायला केवढी छाती लागत असेल! मला तर दूधवाल्याला दोन शब्द बोलायचे म्हणजे संकट वाटते.

पण त्याच रमाबाईंची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1889 साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. 1893 साली त्यावरून पुण्यात मोठे वादळ झाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून होती, त्यांनी अंग काढून घेतले. पुष्कळ पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. त्या पालकांना मी नावे ठेवीत नाही. आपल्या घरचे मूल दुसऱ्याच्या देवघराकडे ओढले जाते आहे असे वाटले तर कोणत्या आईच्या काळजात धस्स होणार नाही? माझ्याही होईल. पण एक गोष्ट त्यातून कळते ती ही, की शिकवल्यापेक्षा पाहिलेले मुलाच्या मनात जास्त शिरते.

आमच्या घरी रात्री जेवणे झाली की प्रार्थना होते. सासूबाईंनी घालून दिलेली चाल आहे. एक गीत, पवित्र शास्त्रातला एक लहान भाग आणि प्रार्थना. सगळे मिळून पंधरा मिनिटे. लांबवले तर धाकटा झोपतो आणि मोठी जांभया देते. प्रार्थनेत आपल्याबरोबर शेजाऱ्यांची नावे घ्यायची, हीही सासूबाईंचीच चाल. कोणाच्या विहिरीचे पाणी आटले, कोणाची बारावीची परीक्षा, कोणाचा ऊस तोडीवाचून उभा राहिला आहे. ह्यामुळे मुलांना एक सवय लागते. ज्याच्यासाठी रात्री देवाजवळ मागितले, त्याच्याशी सकाळी नळावर भांडता येत नाही. (आमच्या घरात ते जमते, पण अवघड जाते.)

गणपतीच्या दिवसांत मुले विचारतात, आपण आरतीला का उभे राहायचे नाही? मी सांगते, आपली प्रार्थनेची रीत निराळी आहे. पण सतरंज्या घालायला, खुर्च्या उचलायला जा. दुसऱ्याच्या देवाला हसलेले माझ्या घरात चालत नाही. ज्या मुलाला दुसऱ्याची भक्ती चेष्टेची वाटते, त्याला स्वतःचीही एक दिवस तशीच वाटू लागेल.

खरी कसोटी निराळ्या वेळी लागली. तीन वर्षांमागे सासरे आजारी पडले. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, आजोबांची फार लाडकी. शब्बाथ शाळेत ऐकले होते, विश्वासाने मागा म्हणजे मिळेल. पोरीने रोज गुडघे टेकून मागितले. सासरे महिन्याभरात गेले. दफनविधी झाला, पाहुणे गेले, आणि रात्री प्रार्थनेला बोलावले तर ती म्हणाली, "मी नाही येणार. त्याने माझे ऐकले नाही."

नातेवाईकांपैकी कोणी म्हणाले, मुलीला धाक लावा. कोणी म्हणाले, तिला सांगा, तुझा विश्वास कमी पडला. हे दुसरे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. नऊ वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर आजोबांच्या मरणाचे ओझे ठेवायचे? मी तिला एवढेच म्हटले, "बाळ, का ऐकले नाही ते मलाही कळत नाही. मीही रडतेच आहे." आणि आम्ही तिच्यावाचून प्रार्थना करीत राहिलो. ती उंबऱ्यावर पाठ करून बसायची.

मग एके रात्री वाचायला मी स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र काढले. ते देवाला जाब विचारणारे स्तोत्र आहे. स्तोत्रे एकंदर दीडशे, आणि त्यांत अशी गाऱ्हाणी कितीतरी आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, त्याला गोड शेवट नाही. प्रभु येशूने वधस्तंभावर जी हाक मारली तीही बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभाची. मुलीने मान वळवून विचारले, "असे देवाला बोलले तर चालते?" मी म्हटले, "शास्त्रात लिहून ठेवले आहे, म्हणजे चालतच असेल." पुढल्या आठवड्यात ती आत येऊन बसली, आणि तिने जी प्रार्थना केली ती सगळी तक्रारच होती. आम्ही शेवटी "आमेन" म्हटले.

भगिनींनो, आपण मुलांना देवाजवळ मागायला शिकवतो, आभार मानायला शिकवतो. रागावायला कोणी शिकवीत नाही. मग ज्या दिवशी राग येतो, त्या दिवशी मुलाला वाटते की आता आपल्याला ह्या घरात जागा नाही. हे हिंदू घरातही तसेच होत असेल. तुकोबा आणि जनाबाई विठ्ठलाशी भांडत, हे तुम्ही मला सांगितले पाहिजे, मी तुम्हांला नव्हे.

माझा थोरला पुण्यास शिकतो. सुट्टीत घरी आला की रविवारी देवळात येत नाही. म्हणतो, "आई, अजून माझे ठरले नाही." त्याचा बाप्तिस्माही झालेला नाही. परवा शेजारच्या काकूंनी विचारले, "तुमची मुले पुढे ख्रिस्ती राहतील का हो?" मनोरमाबाई राहिल्या. त्यांनी शारदासदनाची शाळा सांभाळली आणि 1921 साली, आईच्या आधी नऊ महिने, त्या वारल्या. माझ्या थोरल्याचे मी काय सांगू? काकूंना म्हटले, रात्री त्याचे नाव घेते, आणि सकाळी त्याला आवडते म्हणून थालीपीठ लावते.

अध्यक्षीणबाई घड्याळाकडे पाहत आहेत आणि पोरी फुगडीसाठी पदर खोचून उभ्या आहेत.