पेनड्राइव्हमधली मांडणी



आज बोलू या पेनड्राइव्हबद्दल. गटाचं इतिवृत्त, कर्जाचा हिशेब, बँकेचे कागद आता या बोटभर वस्तूत असतात. गावात रेंज नसली की डोळखांबहून, टोकावड्याहून पेनड्राइव्हच एसटीने तालुक्याला जातो. तिथे कॉम्प्युटरला लावला आणि पडद्यावर प्रश्न आला, 'फॉरमॅट करायचा का?' तर 'हो' म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं. 'कॅन्सल' दाबा आणि ज्या कॉम्प्युटरवर तो भरला होता, तिथे लावून बघा. तिथेही उघडला नाही, तर जाणकाराला दाखवा. तोवर त्यात नवं काही भरू नका.

असं का होतं? प्रत्येक घरात डबे लावायची एक रीत असते. घरच्या बाईला हिंगाची डबी अंधारातही सापडते, पाहुणीला सापडत नाही. पेनड्राइव्हमध्ये फायली लावायच्या रीतीला फाइल सिस्टीम म्हणतात. विंडोज, मॅक, लिनक्स अशा कॉम्प्युटरच्या वेगवेगळ्या प्रणाली आहेत. सरकारी सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्सच. लिनक्सची आणि मॅकची स्वतःची रीत विंडोजला कळत नाही, म्हणून तो प्रश्न येतो.

आपल्या कामाच्या रीती तीन. फॅट ३२ ही जुनी. ती जवळपास सगळीकडे चालते, भजनाच्या स्पीकरलासुद्धा. पण ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यात मावत नाही. प्रशिक्षणाचा लांब व्हिडिओ तिथे अडकतो. दुसरी एनटीएफएस, विंडोजची. मॅक ती वाचतो, पण तिच्यात एरवी लिहीत नाही. तिसरी एक्सफॅट, २००६ सालची. मोठ्या फायली घेते, विंडोज आणि मॅक दोघांनाही कळते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिची माहिती खुली केली आणि ती लिनक्सच्या गाभ्यातही आली.

म्हणून फिरता पेनड्राइव्ह एक्सफॅट ठेवा, स्पीकरचा फॅट ३२. हे तो नवा, रिकामा असतानाच करून घ्या. जुना असेल तर आधी फायली कॉम्प्युटरवर उतरवा, उघडून पाहा. मग पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टीममध्ये एक्सफॅट, आणि स्टार्ट.

काढताना आधी 'इजेक्ट' करा. मधेच ओढला तर फाइल बिघडू शकते. आणि हिशेबाची एक प्रत कॉम्प्युटरवर, एक वहीत असू द्या. गटाचा पैसा दहा जणींचा असतो, त्याचा पुरावा एकाच ठिकाणी ठेवू नका.