पाणी कोणाचे?



कॉलेजात गेलेला मुलगा सुट्टीला घरी आला, की आपण विचारतो, "काय रे, काय शिकलास?" माझ्या एका विद्यार्थ्याला या साध्या प्रश्नाचे उत्तर फार जड गेले. त्याचीच हकिगत आज सांगतो.

पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे व्हावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष पाहणीला ठेवले. मी हा विषय शिकवायला घेतला तेव्हा, खोटे कशाला बोलू, मला ते जादा ओझेच वाटले. मुले म्हणत, "सर, तेवढे पास करून टाका."

हा विद्यार्थी दुष्काळी भागातला. तो वर्गात म्हणाला, "सर, आमच्याकडं पाऊसच नाही. अभ्यास कसला करायचा?" मी फळ्यावर हिशेब मांडला. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे एक लाख लिटर पाणी होते. वर्षाचा पाऊस वीस इंच धरला, तर एकरी वीस लाख लिटर! तो चमकला. म्हणाला, "मग जातं कुठं?"

तेच शोधून आण, असे मी सांगितले. दसऱ्यापासून त्याने दोराला दगड बांधून गावातल्या दहा विहिरींचे पाणी मोजायला सुरुवात केली. दिवाळीला मोजले, संक्रांतीला मोजले. सगळ्या विहिरी हळूहळू उतरत होत्या. पण शेजारच्या आजींची विहीर मात्र भराभर खाली गेली होती. तिच्या जवळच याच्या वडिलांचा बोअर होता. त्या बोअरवर दोन एकर ऊस, आणि त्या उसावर याची कॉलेजची फी!

होळीच्या सुमारास गावची डीपी जळाली. आठ दिवस सगळे पंप बंद. याने आजींच्या विहिरीत दोर सोडला. पावसाचा थेंब नसताना पाणी हातभर वर आले होते.

घरी त्याने वडिलांना हे सांगितले. वडील भडकले. "माझ्या रानातलं पाणी माझं. त्याच पाण्यावर शिकलास ना?" त्यांचेही चूक नव्हते. इंग्रजांच्या वेळच्या १८८२ च्या कायद्यातही जमीनमालकाचा हा हक्क मानलेला आहे. परंतु खालचा पाषाण बांध ओळखत नाही. पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून या रानातून त्या रानात जाते.

मुलगा माझ्याकडे आला तो खाली मान घालून. "सर, आजवर मी सरकारला नावं ठेवत होतो. आता कुणाला ठेवू?" मी म्हटले, "नावे ठेवू नकोस. वही वडिलांना दाखव."

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने असेच केले. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मग पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायला त्यांनी बंदी घातली. पण ते गावाने मिळून ठरवले. एकट्या घराला ते अवघड असते.

या मुलाच्या घरचा बोअर बंद झाला नाही. मात्र पुढच्या वर्षी वडिलांनी एक एकर ऊस मोडून हरभरा पेरला. आणि दसऱ्याला दोर धरायला ते स्वतः आजींच्या विहिरीवर गेले.

शिक्षक बंधूंनो, भगिनींनो, आपल्या शाळेतही हे करता येईल. एक दोर, एक दगड, एक वही पुरे. मात्र मुलांना विहिरीच्या काठावर एकटे सोडू नका. जाणता माणूस सोबत असू द्या. आणि शेतकरी मंडळी, पोराने वही पुढे केली, तर रागावण्याआधी आकडे तेवढे वाचून पाहा.