नाताळची पंगत व तिची पूर्वतयारी



नाताळच्या पंगतींत काय वाढावें, हें घोडनदीकांठच्या शिरूरच्या अथवा भीमेकांठच्या दौंडच्या भगिनींस सांगण्याचें कारण नाहीं. परंतु वाढणारी स्वतः पानावर केव्हां बसते, हा प्रश्न आज आम्ही सर्वांपुढें ठेवीत आहों. सारें घर मध्यरात्रीच्या मिस्सास जातें आणि गृहिणी तेवढी चुलीपाशीं राहते, असें जेथें घडतें तेथील सण अर्धाच होय.

जुन्या पिढीची अडचण याहून मोठी होती. १९५३ पूर्वीं पवित्र कम्युनियन घेणारास मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटहि वर्ज्य असे. सकाळच्या मिस्सास जाणाऱ्या स्त्रीस रश्शाचें मीठहि चाखतां येत नसे. १९६४ पासून हा उपवास एका तासावर आला आहे. नियम सैल झाला, परंतु चुलीचें ओझें आपोआप हलकें होत नाहीं. तें आधीं नीट योजून आम्हांसच वांटून घेतलें पाहिजे.

ह्याकरितां पदार्थांचे तीन वर्ग करावे. पहिला टिकणाऱ्यांचा. करंज्या, शंकरपाळे व कुलकुल आठवडाभर आधीं तळावे आणि पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावे. दुसरा मुरणाऱ्यांचा. अनारशांकरितां १५ डिसेंबरास तांदूळ भिजत घालावे, तीन दिवस रोज पाणी बदलावें, १८ तारखेस उपसून सावलींत सुकवावे, किंचित ओलसर असतांनाच कांडून पीठ चाळावें आणि गूळ मिळवून गोळे झांकून ठेवावे. दौंड तालुक्यांतील गुऱ्हाळांचा नवा गूळ ह्याच हंगामांत मिळतो. २३ तारखेस अनारसे तळावे. गोमंतकीय घरांतील सोरपोतेलहि व्हिनेगरमध्यें मुरून दोन दिवसांनीं अधिक रुचकर लागतें. तें फ्रिजमध्यें ठेवावें आणि वाढण्यापूर्वीं चांगलें उकळावें.

तिसरा वर्ग ताज्या पदार्थांचा. मसाला आधीं भाजून कुटून ठेवावा, परंतु मटण व भात त्याच दिवशीं शिजवावा. शिजलेला भात रात्रभर बाहेर राहिल्यास त्यांत विष उत्पन्न होऊं शकतें व तें पुन्हा गरम केल्यानेंहि जात नाहीं.

खर्चाचीहि अशीच योजना असावी. नोव्हेंबरपासून दर बाजारीं थोडथोडें सामान घ्यावें. नाताळचें कर्ज ज्या घरास उन्हाळ्यापर्यंत फेडावें लागतें, त्या घरांत पंगतीची गोडी राहत नाहीं. दोन पदार्थ कमी झाले तरी चालतील.

१८७८ सालीं मनमाडचा लोहमार्ग सुरू झाल्यापासून दौंड जंक्शन झालें आहे, आणि गाड्या सणासाठीं थांबत नाहींत. तेव्हां ज्याची त्या रात्रीं ड्यूटी असेल त्याचा डबा प्रथम भरावा, शेजाऱ्यांचीं ताटें मग काढावीं आणि त्यानंतर पंगत बसवावी.

शेवटीं पुरुषांस एक विनंती. तांदूळ कांडणें, नारळ खोवणें, भांडीं घांसणें हीं कामें आपलींच समजावीं. मुलांनीं कांट्याच्या चमच्यावर कुलकुल वळावे. २४ तारखेच्या रात्रीं मिस्साची घंटा होईल तेव्हां चुलीपाशीं कोणीहि उरूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.