देवबागला जाताय? मुक्काम विचारून ठरवा

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जाचे हप्ते आणि वहीतल्या नोंदी यांवर बोललो. आज जरा वेगळा विषय आहे, सहलीचा. पण हिशेब त्यातही आहेच.

आमच्या गटातल्या चौदा जणींनी बचतीव्यतिरिक्त दरमहा शंभर रुपये वेगळे काढले. वर्षाचे सोळा हजार आठशे झाले. आम्ही घाटावरच्या. चौदातल्या नऊ जणींनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. म्हणून ठरलं मालवण, तारकर्ली आणि देवबाग.

देवबाग म्हणजे वाळूची लांब, अरुंद पट्टी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. रस्ता एकच, आणि तो संपतो तिथं नदी समुद्राला मिळते. त्याला संगम म्हणतात. त्यामुळे राहायला तीन पर्याय असतात. समुद्राच्या बाजूला, खाडीच्या बाजूला, नाहीतर मागे मालवण शहरात.

आम्ही काय केलं? फोनवर फोटो पाहिले. खोलीसमोर समुद्र, माडाची झाडं, झोपाळा. फोनवरूनच दोन हजार आगाऊ भरले. काही विचारलंच नाही. रात्री नऊला पोचलो, तर चार खोल्यांना मिळून एकच संडास, तोही बाहेर. दाराला आतून कडी नाही. अंगणात दिवा नाही. शेजारच्या खोल्यांत पुरुषांचा मोठा घोळका. आम्ही रात्रभर दोघी-दोघी मिळून एकमेकींना सोबत करत होतो. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या आत्याबाई पासष्टच्या पुढच्या, गुडघे धरलेले. त्यांनी संध्याकाळपासून पाणीच प्यायलं नाही. का, तर रात्री उठावं लागू नये म्हणून.

आणि एक धाकटी सून होती. तिला घरून दोन दिवसांची परवानगी मिळवायला दोन महिने लागले होते. ती हळूच म्हणाली, "ताई, हे घरी कळलं तर पुन्हा मला कुठंच पाठवणार नाहीत." मैत्रिणींनो, त्या रात्री आम्हाला कळलं की मुक्कामाची जागा ही नुसती चैनीची गोष्ट नाही. बाईचं पुढचं बाहेर पडणं तिच्यावर ठरतं.

सकाळी आम्ही आगाऊ रकमेवर पाणी सोडलं आणि चौघी जणी पायी निघालो. खाडीच्या बाजूला एका घरी खोल्या होत्या. घरातली बाईच सगळं बघत होती. ती म्हणाली, "आधी आत येऊन बघा, मग ठरवा." आम्ही कड्या लावून पाहिल्या, नळ सोडून पाहिले. एका खोलीत कमोडचा संडास होता, ती आत्याबाईंना दिली. गटातल्या तीन जणी माळकरी. त्यांच्यासाठी भांडी वेगळी मिळतील का, हे विचारायला आम्हाला संकोच वाटत होता. तिनं स्वतःच विचारलं. तिघींना डाळ-भात, भाजी आणि सोलकढी, बाकीच्यांना बांगड्याचं तिखलं. समुद्र समोर नव्हता खरा, पण रस्ता ओलांडून थोडं चाललं की होताच.

रात्री तिच्याशी गप्पा झाल्या. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हाच्या आठवणी तिनं सांगितल्या. या पट्टीवर समुद्र किनारा खात पुढं येतो, म्हणून दगडांचे बंधारे घालावे लागतात. विहिरीतला उपसा फार झाला तर पाणी मचूळ होतं. म्हणून ती पाहुण्यांना पाणी जपून वापरा सांगते. आपण दुष्काळी भागातल्या, आपल्याला हे सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला चहूबाजूंनी खाऱ्या पाण्यात आहे, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आत्याबाईंनी विहिरीला हात जोडले.

आता तुम्ही जाणार असाल तर फोनवर आधी हे विचारा. लिहून घ्या.

एक, खोलीला संडास-न्हाणीघर जोडून आहे का? आतून कडी लागते का? कमोड आहे का?
दोन, पिण्याचं पाणी कुठलं?
तीन, जागा समुद्राकडे की खाडीकडे? एसटी जिथं सोडते तिथून किती चालायचं? वाळूत सामान घेऊन चालणं गुडघेदुखीवालीला जमत नाही.
चार, घरात बाईमाणूस असतं का? त्या दिवशी दुसरे कोण पाहुणे आहेत?
पाच, भाडं खोलीमागे की माणसामागे? जेवण त्यात धरलंय का?
सहा, बेत रद्द झाला तर आगाऊ रक्कम परत मिळते का? उत्तर लेखी, निदान मोबाईलवर संदेशानं मागा.

दिवसाउजेडी पोचाल असं बघा. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. ज्यांना खाडीपर्यंत जाणं अवघड, त्यांनी मालवणात राहावं. बाजार, दवाखाना, किल्ल्याची होडी सगळं जवळ पडतं. पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा होड्या बंद असतात. आणि संगमाजवळ पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसतं, पण आत ओढ असते. नऊवारी किंवा साडी भिजली की पायात गुंतते. घोट्याएवढ्या पाण्यात हात धरून उभं राहा, तेवढ्यातही आनंद पुष्कळ मिळतो.

त्या धाकट्या सुनेनं घरी जाऊन सासूला सगळं सांगितलं, पहिल्या रात्रीसकट. सासू म्हणाली, "पुढच्या वर्षी माझे पण शंभर रुपये धरा."

तर मैत्रिणींनो, आता आम्ही पंधरा आहोत. तुमच्या गटानंही सहलीची वेगळी वही उघडा.