गवई उतरले, गाणे राहिले
(ज्युबिलीच्या व्याख्यानमालेत धर्मग्रामातील तरुणांपुढे व वडीलधाऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या व्याख्यानमालेत एखाद्या संताचे चरित्र सांगावे किंवा ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एखादे प्रकरण उलगडावे, अशी आपणांपैकी पुष्कळांची अपेक्षा असणार. आणि ती रास्तही आहे. मी मात्र आज आयर्लंड देशातील चार गवयांविषयी, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या चाहत्यांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणी हसेल, कोणी कपाळाला आठ्याही घालील. परंतु ह्याचे कारण आपणांतच आहे. ज्युबिलीच्या मिस्सेत गिटार आणि ड्रम वाजावेत असा तरुणांचा हट्ट; मृदंग, टाळ आणि पेटी ह्यांवाचून दुसरे वाद्य वेदीजवळ येऊ नये असा वडीलधाऱ्यांचा आग्रह. दोन्ही बाजूंचे म्हणणे माझ्या कानी आले आहे. निवाडा देण्यापूर्वी एक उदाहरण तपासून पाहावे, इतकाच आजचा हेतू.

ह्या चौघांच्या संचाचे नाव यू-टू. डब्लिन शहरात, जेथे कॅथलिक व प्रॉटेस्टंट मुले एकत्र शिकत अशा एका शाळेत, लॅरी म्युलन नावाच्या विद्यार्थ्याने १९७६ साली फलकावर एक चिठ्ठी लावली, की वाजवणारे सोबती हवेत. त्या चिठ्ठीवरून जे जमले त्यांतून बोनो, एज, ॲडम क्लेटन आणि लॅरी हे चौघे एकत्र राहिले, आणि आजही त्यांची नावे एकत्रच घेतली जातात. बोनोचे वडील कॅथलिक होते, आई प्रॉटेस्टंट होती. ज्या देशात त्या काळी ह्या दोन नावांवरून माणसे एकमेकांचा जीव घेत होती, त्या देशातील हे घर होते, हे ध्यानात ठेवावे.

१९८० नंतरच्या दहा वर्षांत ह्यांची कीर्ती जगभर पसरली. १९८७ च्या मार्च महिन्यात त्यांचा 'द जोशुआ ट्री' हा संग्रह निघाला. हे नाव अमेरिकेच्या वाळवंटातील एका झाडाचे. यहोशवाने हात उंचावून प्रार्थना करावी तशा त्याच्या फांद्या दिसतात, म्हणून त्याला ते नाव पडले अशी आख्यायिका आहे. त्याच १९८७ साली मे महिन्यात आपला नाशिक धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतापासून वेगळा झाला व येशूसंघीय थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु साल लक्षात राहावयास हा योग बरा आहे.

आता चाहत्यांच्या आठवणींकडे वळू. पहिली आठवण पावसाची आहे, म्हणून ती हरसूलकरांस लगेच समजेल. ५ जून १९८३ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो येथे, तांबड्या खडकांच्या कुशीत असलेल्या एका उघड्या रंगमंडपात ह्या संचाचा कार्यक्रम होता. पाऊस असा कोसळला की कार्यक्रम होतो की नाही ह्याचीच शंका. जागा पुष्कळ रिकामी राहिली. जे आले ते भिजत बसले. बोनो पांढरे निशाण घेऊन गायिला. त्या निशाणाचा अर्थ असा, की आयर्लंडात दोन्ही बाजूंनी रक्त सांडू नये. डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ च्या रविवारी सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळीबार केला, त्यात त्याच दिवशी १३ जण मेले. त्या रविवारावर ह्या संचाचे एक गाणे आहे. ते बंडाचे गाणे समजू नये, असे बोनो गाण्यापूर्वी बजावीत असे.

त्या कार्यक्रमाचा शेवट कसा झाला, ते चाहते अद्याप सांगतात. शेवटचे गाणे होते स्तोत्र ४० वर रचलेले. ते १९८३ च्या 'वॉर' ह्या संग्रहातील अखेरचे गाणे होय. परमेश्वराची वाट पाहता पाहता त्याने आपली हाक ऐकली व चिखलाच्या खाचेतून वर काढले, असा त्या स्तोत्राचा भाव आपण सर्व जाणताच. हे गाणे संपवण्याची त्यांची एक रीत होती. लोक धृपद धरीत. मग बोनो निघून जाई. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा, आणि अखेरीस ड्रम वाजवणारा लॅरीही काठ्या ठेवून उतरे. मंच रिकामा, परंतु हजारो कंठांतून गाणे चालूच असे. लोक ते गुणगुणतच रस्त्याला लागत. अनेकांनी आपल्या आठवणींत असे लिहून ठेवले आहे, की गवयाने काय गायिले ते पुष्कळसे विसरलो, परंतु तो गेल्यावर आम्ही गात होतो, ते विसरता येत नाही.

दुसरी आठवण लंडनची. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी १३ जुलै १९८५ रोजी मोठा कार्यक्रम झाला. वेम्ब्ली मैदानात सुमारे ७२,००० माणसे होती आणि जगभर दूरचित्रवाणीवर तो दिसत होता. प्रत्येक संचास मोजकी मिनिटे. दुसरे गाणे चालू असता बोनोची दृष्टी गर्दीतील एका मुलीवर गेली. तो मंचावरून खाली उडी घेऊन तिच्यापाशी गेला आणि तिला जवळ घेऊन हळूहळू नाचला. वर सोबती वाजवीत राहिले. तो कोठे गेला, परत येतो की नाही, त्यांस कळेना. गाणे सुमारे बारा मिनिटे लांबले व ठरलेले तिसरे, म्हणजे त्यांचे तोवरचे सर्वांत गाजलेले गाणे राहूनच गेले. सोबती रागावले; आपण घात केला असे बोनोलाही वाटले. लोकांचे मत मात्र निराळे झाले. त्या दिवसातील हाच क्षण त्यांनी हृदयात जपला. त्या मुलीने पुष्कळ वर्षांनी सांगितले की ती चेंगराचेंगरीत सापडली होती व त्या वेळी तिला बाहेर काढले नसते तर अनर्थ झाला असता. राहिलेल्या गाण्याची हळहळ आज कोणी करीत नाही. नव्याण्णव सोडून एकाकडे गेलेल्या मेंढपाळाचा दाखला तुम्हांस ठाऊक आहे. त्याचा अर्थ मी वेगळा सांगावयास नको.

तिसरी आठवण आपल्या महाराष्ट्रातील. १५ डिसेंबर २०१९ रोजी हा संच प्रथमच भारतात आला व नवी मुंबईत नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानात त्याने 'जोशुआ ट्री' हा सबंध संग्रह गाऊन दाखविला. त्याच साली ए. आर. रहमान ह्यांच्यासह त्यांनी अहिंसा ह्या नावाचे गीतही प्रसिद्ध केले होते. ज्यांनी कॉलेजात असता कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून ही गाणी ऐकली, ते आता केस पिकल्यावर, मुलांना सोबत घेऊन आले होते. बत्तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यासाठी माणसे इतकी का वाट पाहतात? गाणे जुने होते. परंतु त्या गाण्याच्या वेळी आपण कोण होतो व कोण होऊ इच्छीत होतो, ते त्यांस पुन्हा आठवत होते.

आठवणी ह्या अशा. परंतु चाहते म्हणजे स्तुतिपाठक नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. १९९१ साली संचाने आपली वादनाची तऱ्हा पार बदलली, तेव्हा जुन्या चाहत्यांतील कित्येकांनी नाके मुरडली आणि दुसऱ्यांनी तेच काम श्रेष्ठ मानले; तो वाद आजही मिटलेला नाही. २०१४ साली तर गंमतच झाली. ॲपल कंपनीच्या सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या खात्यांत ह्यांचा नवा संग्रह, कोणी मागितला नसता, फुकट टाकण्यात आला. लोक कृतज्ञ होण्याऐवजी चिडले. बोनोला जाहीर क्षमा मागावी लागली. दान झाले तरी दार ठोठावून द्यावे, घरात शिरून नव्हे! आणि सर्वांत तिखट टीका ही, की गरिबांचा कैवार घेणाऱ्या ह्या मंडळींनी २००६ साली कर वाचवण्यासाठी आपल्या व्यवसायाचा काही भाग आयर्लंडातून नेदरलँड्समध्ये हलविला. ज्यांनी त्यांच्याबरोबर गरिबांसाठी आवाज उठविला होता, त्यांतीलच काहींनी ह्याचा जाब विचारला. मला ह्यात निंदा दिसत नाही, प्रेमच दिसते. ज्यावर आपली भिस्त आहे त्याच्याकडूनच आपण खरेपणाची अपेक्षा करतो. धर्मगुरूंनाही हा नियम लागू आहे, आणि धर्मग्रामालाही.

आता ज्युबिलीकडे येतो. कारण ह्या कथेत ज्युबिली आहे. लेवीयाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने सांगितले, की पन्नासावे वर्ष योबेल वर्ष पाळावे. शिंग फुंकावे, गहाण गेलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी, दास झालेला बंधू आपल्या घरी परतावा. ह्या आधारावर पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९४ च्या आपल्या पत्रात सुचविले, की २००० सालच्या ज्युबिलीनिमित्त गरीब राष्ट्रांवरील कर्जाचा भार हलका व्हावा. 'ज्युबिली २०००' ह्या नावाची चळवळ उभी राहिली. १९९८ च्या मे महिन्यात इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे हजारो सामान्य माणसांनी हातात हात घालून मानवी साखळी केली. पुढे बोनो ह्या कामात पडला. सप्टेंबर १९९९ मध्ये तो इतर कार्यकर्त्यांसह कास्तेल गांदोल्फो येथे पोपसाहेबांस भेटला. वृद्ध पोपसाहेबांनी त्याचा रंगीत चष्मा कौतुकाने आपल्या डोळ्यांवर चढवून पाहिला आणि त्याला जपमाळ दिली. पुढे २००५ साली श्रीमंत राष्ट्रांनी १८ अत्यंत गरीब राष्ट्रांचे सुमारे ४० अब्ज डॉलरांचे कर्ज रद्द करण्याचे मान्य केले. हे एका गवयाचे कर्तृत्व म्हणणे खोटे ठरेल. साखळीत उभ्या राहिलेल्या, सह्या केलेल्या, आपापल्या चर्चमध्ये हा विषय काढलेल्या असंख्य अनाम माणसांचे ते काम. त्यांत त्याची गाणी गाणारेही होते, आणि कधी न ऐकलेलेही होते. २०२५ च्या पुण्यवर्षाची घोषणा करताना पोप फ्रान्सिस ह्यांनी पुन्हा हीच मागणी केली; तेव्हा काम संपलेले नाही.

बंधुभगिनींनो, कर्ज हा शब्द हरसूलला परका नाही. भात-नागलीचे पीक घरात आले न आले तोच आपली माणसे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जातात. कित्येकांच्या घरी उचल आधीच खर्चून गेलेली असते, आणि मग मजुरी ही मजुरी राहत नाही, ती फेड होते. सावकार नेहमी बाहेरचाच असतो असे नाही. आपल्याच पाड्यावर, आपल्याच बाकावर शेजारी बसणाऱ्या भावाला दिढीने भात देणारे हातही आहेत. जगातील राष्ट्रांनी कर्ज सोडावे असे आपण म्हणणार आणि शेजाऱ्याची दोन पायली नागली मात्र व्याजासह मोजून घेणार काय? ज्युबिलीच्या मंडपावर, जेवणावळीवर आणि ह्या स्मरणिकेवरही खर्च होईल, तो व्हावा. परंतु माझी विनंती अशी, की ज्या घराचे कोणाकडे येणे आहे, त्याने ह्या वर्षात निदान एक व्याज सोडावे. नाव सांगू नये, वहीत लिहू नये. ज्याचे सुटले त्याला कळले म्हणजे पुरे. आमची ज्युबिली झाली, ह्याची खूण ती.

राहिला वाद्यांचा निवाडा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: उपासनेत भाविकांनी प्रेक्षक न राहता स्वतः भाग घ्यावा, आणि मिशनप्रदेशांतील लोकांच्या आपल्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा. तेव्हा कसोटी ही, की ज्या वाद्याने सभा गाऊ लागते ते वाद्य आत यावे; ज्याने सभा मुकी होते ते बाहेर राहावे. गिटारीच्या साथीने आजीबाईंनाही धृपद धरता आले तर गिटार अवश्य यावी. भिंतीएवढे कर्णे लावून कोणाचाच आवाज कोणाला ऐकू येणार नसेल तर ते कर्णे नकोत, मग त्यांतून भजन का वाजेना! मृदंग आणि टाळ तर हवेतच. आणि आपल्या डोंगरातील पावरी, तारपा, ढोल ह्यांना आजवर अंगणातच ठेवले असेल, तर ज्युबिलीच्या दिवशी त्यांनाही आत बोलवा. ती आपल्या पूर्वजांच्या श्वासाची वाद्ये आहेत.

शेवटी त्या रिकाम्या मंचाकडे पुन्हा पाहा. आपल्या ह्या डोंगरात मिशनरी आले. पायी चालले, आजाऱ्यांस औषध दिले, मुलांस अक्षर शिकविले, आणि प्रार्थना शिकविली. मग एकेक करून ते निघाले. कोणाची बदली झाली, कोणी प्रभूकडे गेले. मीही एके दिवशी माझी पेटी उचलून येथून जाईन. परंतु धर्मग्राम म्हणजे मंचावरची माणसे नव्हेत. धृपद तुमच्या कंठात आहे. गवई उतरल्यावर जे गातात त्यांच्यावरूनच गाणे खरे होते की नाही ते ठरते. प्रभू येशू ख्रिस्त, जो आपल्या सर्वांचे ऋण आपणच फेडून गेला, तो तुमच्या कंठास बळ देवो आणि तुमच्या हातास सोडून देण्याचे धैर्य देवो. आमेन.