शब्दाचे वजन



नेतृत्व करू इच्छिणाऱ्या मनुष्याच्या ठायी प्रभाव कसा उत्पन्न होतो, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा प्रथम स्मरण झाले ते मुलकी खात्यातील माझ्या उमेदवारीच्या काळातल्या एका अवर्षणग्रस्त गावाचे. चावडीपुढे जमलेल्या रयतेला मी पैसेवारीचे नियम अर्धा तास समजावून सांगितले; भाषा शुद्ध होती, आवाज खणखणीत होता, पाठीशी सरकारी हुद्दाही होता; परंतु माझे बोलणे संपताच साऱ्यांच्या माना वळल्या त्या कोपऱ्यात दफ्तर मांडीवर घेऊन बसलेल्या वृद्ध तलाठ्याकडे, आणि कोणाच्या रानात किती पीक उभे आहे हे त्याने चार वाक्यांत सांगितले, तेव्हा कोठे मंडळींचे समाधान झाले. तो प्रत्येक बांधावर स्वतः जाऊन आला होता आणि हे गावाला ठाऊक होते. एखाद्याच्या शब्दाला वजन आहे असे आपण म्हणतो, त्या म्हणण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

हे वजन कसे साचत जाते, याचे एक उदाहरण आपल्याच भूमीतील आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी 1866 साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले वयाच्या एकतिसाव्या वर्षी हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात गेले असताना, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे वृत्त त्यांना मित्रांच्या पत्रांतून कळले, आणि संतापाच्या भरात त्यांनी ते तेथील वृत्तपत्रातून जाहीर केले. स्वदेशी परतल्यावर त्या आरोपांची रुजुवात करण्यास पुरावा मिळेना. तेव्हा पत्रलेखकांची नावे उघड न करता, सारा दोष स्वतःच्या शिरावर घेऊन, त्यांनी सरकारची आणि सैनिकांची जाहीर माफी मागितली. त्या माफीची भाषा अवश्य होती त्याहून अधिक नम्र होती, असे मलाही वाटते. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलूम लोकांनी प्रत्यक्ष भोगला होता, त्यामुळे स्वकीयांनी त्यांच्यावर केलेला उपहासाचा वर्षावही समजण्यासारखा आहे. परंतु जे सिद्ध करता येत नाही त्याला केवळ लोकप्रियतेसाठी चिकटून राहणे त्या तरुण प्राध्यापकाने नाकारले, आणि त्याबद्दल पडेल ती किंमत मुकाट्याने दिली, हे विसरता येत नाही.

त्यानंतर पाच वर्षांच्या आत, 26 मार्च 1902 रोजी, लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखालील वरिष्ठ कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलण्यास तेच गोखले उभे राहिले. खजिन्यात मोठी शिल्लक पडली म्हणून अर्थसचिवांचे अभिनंदन चालले असता, त्या अभिनंदनात आपल्याला सामील होता येत नाही असे त्यांनी शांतपणे सांगितले, आणि ज्या शिलकेचा गौरव होत होता ती दरिद्री प्रजेवरील कराचा बोजा गरजेपेक्षा जड ठेवल्याची खूण आहे, हे सरकारच्याच आकड्यांनी मांडले. त्यांच्या बोलण्यात गर्जना नव्हती, कठोर विशेषणेही फारशी नव्हती. पुढील साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. या भाषणामागे न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली अर्ज आणि आकडे पुनःपुन्हा तपासण्यात गेलेली वर्षे होती, तसेच गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या शाळामास्तराचे साहाय्य होते, ज्यांचे नाव आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. एकट्याच्या तेजाने उजळलेला नेता मी तरी पाहिलेला नाही. ज्याला आपण प्रभाव म्हणतो त्यात अनेकांची अज्ञात मेहनत मिसळलेली असते, आणि ती कृतज्ञतेने स्वीकारणारा मनुष्यच सभेपुढे निर्भयपणे उभा राहू शकतो.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोखल्यांनी 1911 साली मांडले. पुढील वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. आपण हरणार हे ठाऊक असतानाही त्यांनी प्रत्येक आक्षेपाला सप्रमाण उत्तर दिले, आणि जिंकणाऱ्यांपैकी कोणाचे भाषण आज स्मरत नसताना त्यांचे मात्र लोक अद्यापि वाचतात. आपणांपैकी काहींना जिल्हा परिषदेत, कामगार संघात, रुग्णालयात किंवा एखाद्या शाळेच्या व्यवस्थापनात अशीच अल्पमतातील जागा मिळेल. तेथे आपल्या कागदपत्रांत एकही आकडा तपासल्यावाचून राहू नये, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.

1915 च्या जानेवारीत गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, तेव्हा प्रकृती ढासळलेल्या गोखल्यांनी त्यांना वर्षभर देश पाहण्याचा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत न देण्याचा सल्ला दिला. 19 फेब्रुवारीला गोखले निवर्तले. सल्ला देणारा मागे उरला नव्हता. तरीही गांधीजी ते वर्ष तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडले, पाहत आणि ऐकत राहिले, आणि त्यानंतरचे त्यांचे पहिले मोठे भाषण 1916 च्या फेब्रुवारीत बनारसच्या हिंदू विद्यापीठाच्या समारंभात झाले. समोर विद्यार्थी बसले होते.